इनामगावचे दाणे आणि आपला पथ्यविचार
(पुरातन वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासाचा वैद्यकीय दृष्टीने परामर्श)

आहार हा त्रयोपस्तंभांपैकी पहिला उपस्तंभ. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात शूकधान्यापासून आहारयोगी द्रव्यांपर्यंत बारा वर्ग करून आहारद्रव्यांचे गुणधर्म सांगितले, ते आपण सर्वांनी पदवीच्या काळात पाठ केले आणि आजही रुग्णास पथ्य सांगताना त्यांचाच आधार घेतो. अलीकडे मात्र औषधालयांच्या फळ्यांवर औषधांच्या बरोबरीने ‘प्राचीन’, ‘वैदिक’, ‘पूर्वजांचा आहार’ अशा शब्दांनी सजविलेली पिठे, सत्त्वे आणि भरडधान्ये येऊ लागली आहेत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून तर या मालाची आवक विशेष वाढली. रुग्ण आपल्याला विचारतो, ‘वैद्यराज, आपले पूर्वज हेच खात होते ना?’ आणि आपण बहुधा मान डोलावतो.

पूर्वज काय खात होते, हा प्रश्न आप्तोपदेशाने पूर्णपणे सुटत नाही. ग्रंथ नाव सांगतो; पण ते नाव कोणत्या दाण्याचे, तो दाणा त्या प्रदेशात त्या काळी होता की नव्हता, असल्यास रोजच्या ताटात होता की केवळ औषधात, हे ठरविण्यास प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणे लागतात. ती पुरविणारे शास्त्र म्हणजे पुरावनस्पतिशास्त्र. उत्खननात सापडलेल्या जळक्या दाण्यांवरून, लाकडाच्या कोळशावरून, भांड्यांच्या आतील थरावरून आणि दातांवरील किटणावरून प्राचीन वनस्पती ओळखणे हे त्याचे कार्य. आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, या विषयावर मोलाचे काम झालेले आहे. वैद्यवर्गात त्याची चर्चा क्वचितच होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

दाणा टिकतो कसा?

मातीत पडलेला दाणा एकतर रुजतो, नाहीतर कुजतो. तीन हजार वर्षे टिकतो तो फक्त जळलेला दाणा. पण जळणे दोन प्रकारचे असते, हे रसशाळा चालविणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. बहिर्धूम पद्धतीने, मोकळ्या हवेत जाळलेल्या द्रव्याची पांढरी राख होते; शरावसंपुटात, हवा कोंडून, अंतर्धूम पद्धतीने जाळले तर ते काळे पडते, पण त्याचा आकार शाबूत राहतो. यवक्षारासाठी जवाचे पंचांग जाळताना आपल्याला पहिला प्रकार हवा असतो, पुरावनस्पतिशास्त्रज्ञास दुसरा. चुलीच्या राखेखाली दबलेला, जळत्या घराच्या छपराखाली गाडला गेलेला दाणा कोळसा होतो. त्यात जंतूंना खाण्याजोगे काही उरत नाही आणि म्हणूनच तो टिकतो.

असे दाणे मातीतून वेगळे काढण्यासाठी प्लवन पद्धती वापरतात. उत्खननातील माती पाण्यात कालवली की माती तळाशी बसते, कोळसा आणि जळके दाणे तरंगतात, ते बारीक जाळीवर धरून सावलीत वाळवतात आणि भिंगाखाली पाहतात. ही पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. आमच्या नालासोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली बुरूड राजाच्या कोटाचा स्तूप उकलला, तेव्हा दगडी पेटीतील करंडक आणि सोन्याची फुले जगापुढे आली. त्या काळच्या दृष्टीला करंडक हाच शोध होता. माती ही बाजूला टाकावयाची वस्तू होती. शूर्पारकासारख्या मोठ्या बंदरातील स्वयंपाकघरांची राख त्या काळी कोणी पाण्यात कालवून पाहिली नाही, याची हळहळ वसईकर म्हणून मला वाटते. आज तर सोपाऱ्याच्या परिसरात इमारतींचे पाये खणताना ती माती ट्रकात भरून भरावासाठी जाते.

या पुराव्याच्या मर्यादाही लक्षात ठेवावयास हव्यात. जे विस्तवाजवळ गेले तेच टिकले. पालेभाज्या, कंद, गरयुक्त फळे, दूध-तूप यांचा पुरावा जळक्या दाण्यांत मिळत नाही. आमच्या भागातील राजेळी केळ्याचे उदाहरण घ्या. आगाशीची सुकेळी सर्वत्र प्रसिद्ध आहेत. पण लागवडीच्या केळ्यात बीच नाही, तेव्हा जळून मागे काय राहणार? केळीच्या पानांत ज्वालामुखीच्या तोंडासारख्या आकाराचे वालुकामय सूक्ष्म कण असतात, ते मातीत शोधले तरच केळीचा पत्ता लागतो. सारांश, एखादा पदार्थ उत्खननात मिळाला नाही म्हणजे तो खाल्ला जात नव्हता असे होत नाही.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. आपल्या देशात शेणाच्या गोवऱ्या हे पूर्वापार सरपण. जनावराने खाल्लेले कठीण दाणे शेणातून जसेच्या तसे बाहेर पडतात, गोवरीबरोबर चुलीत जातात आणि तेथेच जळून राहतात. म्हणजे चुलीत सापडलेला दाणा माणसाच्या ताटातून सांडला की बैलाच्या पोटातून आला, हे तपासावे लागते. चरकाचार्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. प्रमेहचिकित्सेत गाढव, घोडा, गाय इत्यादींच्या पोटातून निघालेल्या जवांचे भक्ष्य पदार्थ त्यांनी सांगितलेच आहेत! आधुनिक संशोधक ज्याला पुराव्यातील अडचण म्हणतात, त्यात आपल्या आचार्यांना एक कल्पना दिसली.

इनामगावची साक्ष

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. त्याचा विस्तृत अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील वस्ती इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील, म्हणजे संहितांच्या आजच्या स्वरूपाहून कितीतरी आधीची. तिचे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन कालखंड पडतात. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याची पेवे आणि कणग्यांचे ओटे, कोठार, पाण्यासाठी काढलेला पाट व बांध असा एका नांदत्या शेतकरी गावाचा संपूर्ण संसार तेथे उजेडात आला. तेथील वनस्पती-अवशेषांचा अभ्यास डॉ. मुकुंद काजळे यांनी केला.

सापडलेल्या धान्यांची यादी वैद्याने आपल्या वर्गवारीत लावून पाहावी. शूकधान्यात जव आणि गहू, थोडा तांदूळ, शमीधान्यात मसूर, कुळीथ, वाल, वाटाणा, लाख, तेलबियांत तीळ, फळांत बोर, जांभूळ, आवळा, खजुराच्या जातीचे फळ. अन्नपानविधी अध्यायाची अनुक्रमणिकाच जणू एका गावाच्या राखेत मिळावी, असा हा योग आहे. मांसवर्गही अनुपस्थित नाही. गाईगुरे, शेळ्यामेंढ्या, हरणे, ससे, मासे, कासव यांची हाडे तेथे मिळाली आहेत, आणि केवळ शाकाहाराचे चित्र रंगविणाऱ्यांनी हे नजरेआड करू नये.

या यादीत सर्वांत महत्त्वाचा दाणा जवाचा. इनामगावचे मुख्य धान्य जव होते. भीमा-घोडेच्या खोऱ्यात, जेथे आज ज्वारी, बाजरी आणि ऊस दिसतो, तेथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी रब्बीचा जव डोलत होता. कमी पाण्यावर आणि हलक्या, किंचित क्षारयुक्त जमिनीतही तो येतो, हे त्याचे कारण. उत्तर जोर्वे काळात पाऊस उणावला असे मानले जाते. त्या काळात गहू मागे पडला; जव टिकून राहिला.

जवाचे दाणे एवढ्या प्रमाणात का मिळावेत, याचे एक उत्तर वैद्यच देऊ शकतो असे मला वाटते. जवाच्या दाण्यास तूस घट्ट चिकटलेले असते. ते सोडविण्याची जुनी रीत म्हणजे ओलवून, भाजून, कांडणे. आणि भाजलेल्या जवाचे पीठ म्हणजेच सक्तू. मंथ, वाट्य, धाना, सक्तू या यवकल्पनांत भर्जनसंस्कार वारंवार येतो. जे धान्य रोज विस्तवावर भाजले जाते, त्याचे चार दाणे रोज खापरीबाहेर उडणार आणि जळणार. तांदळाचे तसे नाही. तो उखळात सडतात आणि पाण्यात शिजवितात. म्हणून जळक्या दाण्यांच्या संख्येवरून आहारातील प्रमाण थेट काढू नये. जव आहारात मुख्य होता, हे मात्र दाण्यांची संख्या, ते किती निरनिराळ्या ठिकाणी सापडतात, आणि त्या जमिनीचा व पावसाचा स्वभाव या तिन्ही गोष्टी एकत्र पाहून म्हणता येते.

याचा चिकित्सेशी संबंध असा. प्रमेही व्यक्तीने जवप्रधान आहार घ्यावा असे चरकाचार्य सांगतात. आज आपण हेच सांगतो, तेव्हा रुग्णाच्या दृष्टीने जव हे दुकानात शोधून आणावयाचे, पाकीटबंद, महागडे औषध असते. पंधरा दिवस तो भाकरी करतो, मग सोडतो. ज्या काळी हे पथ्य सांगितले गेले, त्या काळी उत्तरेत काय किंवा आपल्या दख्खनेत काय, जव हे अन्न होते. पथ्य म्हणजे घरातल्याच धान्यांपैकी एकाची निवड होती. हे ध्यानात घेतले तर जव आणून देण्याबरोबर तो रोजच्या जेवणात कसा बसवावा, हे सांगणे आपले काम ठरते. माझ्या चिकित्सालयात निव्वळ जवाची भाकरी टिकत नाही. ज्वारीत तिसरा हिस्सा जव घालून किंवा न्याहारीस ताकाबरोबर जवाचे सातू दिले तर टिकते. वसई-विरार भागातील भातखाऊ कुटुंबांत जव सडून, तांदळात मिसळून शिजविण्याचाही उपयोग होतो. बाजारात जवाचे पीठ घेताना कोंड्याचे प्रमाण पाहावे. अगदी पांढरे, मऊ पीठ असल्यास प्रमेहासाठी त्याचा उपयोग कमीच.

इनामगावचा आणखी एक पुरावा वनस्पतींचा नसला तरी येथे नोंदविणे अगत्याचे आहे. तेथे मृत बालकांना घरातच, जमिनीखाली कुंभात पुरत. त्या बालकांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास डॉ. जॉन लुकाच आणि डॉ. सुभाष वाळिंबे यांनी केला. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात हाडांच्या वाढीवरून उत्तर जोर्वे काळातील बालकांची वाढ वयाच्या मानाने खुंटलेली असल्याचे दाखविले. त्या बालकांच्या घरांतही जव होता, डाळी होत्या, बोरे-जांभळे होती. धान्यांची यादी कितीही विविध असली तरी मात्रा पुरेशी नसेल तर बालक कृशच राहते. राशीचा विचार आपल्या आठ आहारविधिविशेषायतनांत स्वतंत्रपणे आहे, तो यासाठीच.

कुळीथ, तूर आणि हळद

दख्खनच्या बहुतेक ताम्रपाषाणयुगीन आणि नवाश्मयुगीन वस्त्यांत कुळीथ सापडतो. हा खास आपल्या भूमीचा दाणा. त्याची लागवड भारतातच सुरू झाली. २०१७ मध्ये शार्लीन मर्फी आणि डोरियन फुलर यांनी भारतातील उत्खननांत मिळालेले कुळथाचे दाणे इंग्लंडमधील सिंक्रोट्रॉन यंत्रात, न फोडता, क्ष-किरणांनी तपासले. त्यांना असे दिसले की, जसजशी लागवड रुळत गेली तसतशी कुळथाची साल पातळ होत गेली. रानटी कुळथाची जाड साल पाणी आत शिरू देत नाही, म्हणून तो पेरल्यावर लगेच रुजत नाही आणि शिजतही नाही. शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या लवकर रुजणारा दाणा पुढे नेला. त्याबरोबर स्वयंपाकही सुलभ झाला. कोकणात आज घरोघरी होणारी कुळथाची पिठी अशा हजारो वर्षांच्या निवडीतून आलेली आहे. कास, श्वास, अर्श यांत कुळथाचा यूष देताना दाणा जुना, कठीण आणि न फुगणारा असेल तर तो बदलावा, एवढा व्यवहार यातून घेता येतो.

तुरीचा मूळ रानटी प्रकार पूर्वेकडील ओडिशा, बस्तर या भागात आढळतो. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील उत्खननात तूर मिळाली, हा महाराष्ट्रातील तुरीचा जुना पुरावा. रोजच्या वरणाची तूर दख्खनेत मसूर-कुळथाइतकी जुनी नाही, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. ज्वरानंतरच्या पथ्यात आचार्य मुद्गयूषाला अग्रस्थान देतात, तुरीच्या वरणाला नव्हे, हेही या ठिकाणी आठवावे.

जळक्या दाण्यांत न सापडणाऱ्या द्रव्यांसाठी आता नवी साधने आली आहेत. हरियाणातील फरमाणा येथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील सिंधू संस्कृतीच्या काळातील भांड्यांवरील थर आणि मानवी दातांवरील किटण अरुणिमा कश्यप व स्टीव्हन वेबर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यात पिष्टकण मिळाले. ते त्यांनी हळद, आले आणि वांगे यांचे म्हणून ओळखले. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पिष्टकणांवरून ओळख पटविणे हे दाण्यांच्या ओळखीपेक्षा नाजूक काम असल्याने एका स्थळावर फार मोठा डोलारा उभारू नये. तरीही हरिद्रा आणि आर्द्रक चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शिजविण्याच्या भांड्यात असल्याचा हा पुरावा हरितवर्ग शिकविणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. दातांवरील किटण हे आपल्या रुग्णांच्या तोंडी केवळ अस्वच्छतेचे लक्षण. तेथे ते आहाराची रोजनिशी ठरले.

जे नव्हते ते

आता नाण्याची दुसरी बाजू. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, रताळे, काजू, पेरू, पपई, अननस ही अमेरिका खंडातील द्रव्ये. ती आपल्याकडे आली वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीनंतर, मुख्यतः पोर्तुगीजांच्या गलबतांतून. वसई १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे त्यांच्या ताब्यात होती. चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला तोवर ही द्रव्ये आमच्या वाड्यांत मुळे धरून बसली होती.

आमच्या उपवासाच्या ताटाकडे या दृष्टीने पाहावे. साबुदाणा कसावाच्या कंदाचा, दाण्याचे कूट भुईमुगाचे, बटाटा, रताळे, हिरवी मिरची, शिवाय राजगिरा. हे सर्व समुद्रापलीकडून आलेले. ताटात खरी जुनी म्हणावी अशी वरई आणि शिंगाडा. सौराष्ट्रातील रोजडी या हडप्पाकालीन स्थळी वेबर यांना वरईच्या जातीचे बारीक धान्य मोठ्या प्रमाणात मिळाले. (बाजारात ‘वरई’ म्हणून सावाही सर्रास विकला जातो, घेताना विचारून घ्यावे.) उपवासाच्या दुसऱ्या दिवशी अम्लपित्त घेऊन येणाऱ्या रुग्णास साबुदाण्याऐवजी वरई-ताक सुचविताना हा इतिहास सांगितला की, श्रद्धाळू रुग्णही चटकन ऐकतो असा माझा अनुभव आहे.

मात्र परके म्हणजे अपथ्य, असा निष्कर्ष मी काढत नाही. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचे मूळ आफ्रिकेतील. ज्वारी-बाजरी इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात भारतात आल्या असे सर्वसाधारण मत आहे. चरकोक्त कुधान्यांतील ‘जूर्णाह्व’ म्हणजे ज्वारी असे अनेक अभ्यासक मानतात. मानले तर हे आफ्रिकी धान्य संहितेच्या काळी श्यामाकाच्या पंक्तीत बसूनही गेले. नाचणीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. भारतातील अनेक प्राचीन स्थळांवरून नाचणी म्हणून नोंदविलेले दाणे पुनर्तपासणीत देशी बारीक गवती धान्यांचे निघाले आहेत. नाचणी उत्तमच, परंतु तिच्या पाकिटावर ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ असे छापण्यास आधार नाही. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात फिरंग रोग आणि त्यावरील चोपचिनी ही दोन्ही नवी प्रकरणे ग्रंथात घेतली. नवीन द्रव्य आले तर त्याचे रस, वीर्य, विपाक पाहून त्यास वर्गात बसविणे ही आपली जुनी रीत आहे.

लाख : प्राचीन, पण पथ्य नव्हे

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटी घेत आहे. इनामगावच्या यादीत लाख आहे. नर्मदाकाठी महेश्वरसमोरील नावडातोली येथे डॉ. सांकलिया यांनी केलेल्या उत्खननातील दाण्यांचा अभ्यास लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील विष्णु-मित्रे यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, जवस, बोर, आवळा यांच्याबरोबर लाख आहे. म्हणजे लाख हे साडेतीन हजार वर्षांपासूनचे आपले कडधान्य. ‘पूर्वजांचा आहार’ या शिक्क्यास ते पूर्णपणे पात्र आहे.

आणि हेच ते धान्य, ज्याच्या दीर्घकाळ, मुख्य अन्न म्हणून केलेल्या सेवनाने पाय कायमचे अखडतात. त्यातील नाडीविषाचा, ओडॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमिनो आम्लाचा, शोध १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी लावला. त्यापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे, सागर प्रांतात गव्हाचे पीक ओळीने बुडाले आणि लोकांनी लाखेवर दिवस काढले, तेव्हा तरुण माणसे पांगळी झाल्याची हकीकत कर्नल स्लीमन याने लिहून ठेवली आहे. लाख दुष्काळातही येते, हा तिचा गुण आणि हाच तिचा धोका. इतर पिके गेली की ताटात तेवढीच उरते. विक्रीवर १९६१ मध्ये केंद्रीय बंदी आली. पूर्व विदर्भात धानाच्या ओलीवर लाखोळी घेण्याची पद्धत मात्र जुनी आहे, आणि तेथील लोक ती भिजवून, उकळून, पाणी ओतून देऊन खात आले आहेत. या संस्काराने विषाचा अंश बराच कमी होतो.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात वातव्याधींमध्ये कलायखंज सांगितला आहे. चालावयास लागताच कंप आणि लंगडणे, हे त्याचे वर्णन वाचताना लाखेच्या व्याधीची आठवण होतेच. सांध्यांच्या शैथिल्याचा उल्लेख मात्र या रोगातील ताठर, कात्रीप्रमाणे पडणाऱ्या चालीशी पुरता जुळत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. खरी अडचण नावाची आहे. कलाय म्हणजे वाटाणा असे धरले तर वाटाण्याने कोणी पांगळे होत नाही. भावप्रकाशात याची उकल आहे. तेथे कलाय म्हणजे वाटोळा, सतीन. आणि त्रिपुट हा वेगळा, खंज व पंगुत्व आणणारा. त्रिपुट म्हणजे तीन कडांचा. भिंगाखाली जळक्या दाण्यांतून वाटाणा आणि लाख निराळे काढताना पुरावनस्पतिशास्त्रज्ञ हेच पाहतो. वाटाणा गोल, लाख पाचरीसारखी कडांची. नावडातोलीच्या यादीत दोन्ही स्वतंत्रपणे ओळखले गेले. दोन्ही कडधान्ये मध्य भारतात आणि दख्खनेत एकत्र नांदत होती, तर जुन्या काळी ‘कलाय’ हे नाव दोहोंसाठी सैलपणे वापरले गेले असावे आणि पुढे अनुभवाने त्यातून त्रिपुट निराळा काढला गेला असावा, असे अनुमान मी करतो. विद्वान वैद्यांनी यावर अवश्य लिहावे.

इनामगावच्या लोकांनी लाख स्वतः खाल्ली की बैलांना घातली, याचा निर्णय शेणाच्या गोवरीचा मुद्दा लक्षात घेता सोपा नाही; लाख आजही वैरण म्हणून वापरतात. पण आपल्या व्यवहारापुरता प्रश्न आजचा आहे. लाखेची डाळ तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत आणि तिचे पीठ बेसनात मिसळण्याचे प्रकार जुने आहेत. सातू, मिश्र डाळींचे पीठ, बालकांसाठीची खीर-पिठे असा तयार माल ठेवणाऱ्या औषधालय-चालकांनी ही भेसळ डोळ्यांसमोर ठेवावी. अख्खी डाळ घ्यावी आणि पांढऱ्या कागदावर मूठभर पसरावी. तूर आणि हरभरा यांची डाळ गोलसर, कडा गुळगुळीत. लाखेची डाळ चौकोनी भासते आणि एका बाजूस उतरती कड दिसते. संशय आल्यास त्या पोत्यातील नमुना अन्न प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल येईपर्यंत पोते वेगळे ठेवावे. पीठ एकदा झाले की डोळ्यांनी काही ओळखत नाही, तेव्हा पीठ विकत घेण्यापेक्षा डाळ पाहून, आपल्यासमोर दळून घेणे हाच मार्ग. दोन्ही पायांत हळूहळू ताठरपणा येत चाललेला, संवेदना शाबूत असलेला तरुण रुग्ण, विशेषतः पूर्व विदर्भ, छत्तीसगड वा बिहार येथून मजुरीसाठी आलेला, चिकित्सालयात आल्यास वातव्याधीची चिकित्सा आरंभण्यापूर्वी गेल्या वर्षभरात त्याने कोणती डाळ खाल्ली, तिचे गावाकडचे नाव काय, ती कशी शिजविली, हे विचारावे. खेसारी, तिवडा, लाख, लाखोळी, लाखोडी ही सर्व एकाच दाण्याची नावे आहेत.